मिसिंग मारणारी आठशे: आधी सिलिंडर शोधा

सिग्नलला उभं असताना आतल्या आरशात मागचा रिक्षावाला थरथरताना दिसू लागला, की समजावं: रिक्षावाला ठणठणीत आहे, थरथरतोय तो आपला आरसा. आणि आरसा थरथरतोय कारण बॉनेटखाली तिघांचं काम दोघं ओढताहेत. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी मिसिंग मारतेय.

हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. डोळा मारावा, थाप मारावी, तशी गाडी मिसिंग मारते. पण तेवढ्यावर समाधान मानून गाडी गॅरेजला लावली, तर बिल कितीचं येईल सांगता येत नाही. मिसिंग हे लक्षण आहे. ताप आलाय म्हणण्यासारखं. ताप कशाने आलाय, हे शोधायचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्यातलं निम्मंअधिक काम मालकाला घरच्या अंगणात करता येतं. त्यासाठी प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, गॅप मोजायचा फिलर, साधा मल्टिमीटर, पाणी फवारायची बाटली आणि एक जादा प्लग एवढं सामान पुरतं.

उदाहरणाला मारुती ८०० घेतो. १९८३च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षांच्या या मुक्कामात तिने अर्ध्या महाराष्ट्राला गाडी शिकवली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तुमच्याकडे झेन असेल, इस्टीम असेल, एखादी जपून ठेवलेली पद्मिनी असेल, तर सिलिंडर चार धरा, पद्धत तीच. डिझेल गाड्यांचं प्रकरण वेगळं, ते इथे नाही.

माझ्याकडे १९९६ची आठशे आहे, कार्ब्युरेटरची. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तिने मिसिंग मारायला सुरुवात केली. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने रेस देऊन आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." कार्ब्युरेटर उतरला, धुतला, नवं किट पडलं. दोन दिवस बरं वाटलं, कारण त्याने जाता जाता स्लो, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनची गती, वाढवून दिला होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिन्ही प्लग नवे आले. मग टॅपेट. शेवटी एका रविवारी मी स्वतः बसलो आणि वीस मिनिटांत कळलं की मधल्या सिलिंडरची प्लग वायर टोपीच्या आत हिरवी पडून तुटली आहे. नवे प्लग टाकतानाही ती टोपी कोणी उलटी करून पाहिली नव्हती. अख्ख्या हिशोबात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती.

कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष होता, आणि ते तो उतरवण्याआधीच ओळखता आलं असतं. एक कार्ब्युरेटर तिन्ही सिलिंडरना मिश्रण पुरवतो. त्यात कचरा आला तर तिघेही आजारी पडतील. एकटा मधलाच मरत असेल, तर दोष त्या एकट्याच्या वाटेवर असणार: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचे व्हॉल्व्ह. म्हणून पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नाही. पहिला प्रश्न "एक की सगळे", आणि एक असेल तर "कोणता". हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

हात लावण्याआधी कान लावा

आधी हे ठरवा की ही मिसिंगच आहे. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं. त्यात आठशेचा हलका सांगाडा. शिवाय इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशन फाटली, तर ठणठणीत इंजिनही सगळी गाडी हलवतं. फरक आवाजात आहे. फाउंडेशन गेलं असेल तर गाडी हलते, पण सायलेन्सरचा आवाज एकसारखा असतो. मिसिंगमध्ये आवाजाचाच ताल मोडतो.

हा ताल किती जलद असतो पाहा. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर उभं आहे असं धरा. फोरस्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४५० वेळा, सेकंदाला साडेसात वेळा. तिघे मिळून सेकंदाला साडेबावीस ठोके. इतके ठोके कानाला सलग गुरगुर वाटतात. त्यातला प्रत्येक तिसरा गळला, की सेकंदाला साडेसात खड्डे पडतात, आणि ते मात्र कानाला, स्टिअरिंगवरच्या हाताला, सीटवरच्या पाठीला स्वतंत्र जाणवतात. म्हणून एक सिलिंडर गेल्यावर गाडी घोड्यासारखी लंगडते.

मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाचा कपटा धरा. हा जुन्या मिस्त्रींचा उपाय आहे आणि तो फुकट आहे. कागद एकसारखा बाहेर फडफडत राहिला तर ठीक. ठरावीक तालावर फट्‌, फट्‌ असा गचका बसला, तर एकच सिलिंडर सातत्याने मरतोय. कसलाही ताल नसलेले गचके असतील, तर मिश्रणाचा, हवेचा किंवा सगळ्यांना सामाईक असलेल्या एखाद्या पार्टचा संशय धरा. आणि कागद मधूनच सायलेन्सरकडे ओढला जात असेल, तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शक्यता वाढते.

मग स्वतःचीच उलटतपासणी घ्या. मिसिंग कधी येते? नुसती उभी असताना थरथरते, पण रेस दिली की गुळगुळीत पळते? मग बाहेरून कुठून तरी हवा घेत असेल किंवा कार्ब्युरेटरचा स्लो जेट तुंबला असेल. उभी असताना बरी, पण खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गचके खाते? करंट कमी पडतोय. सिलिंडरमधला दाब वाढला की कमकुवत ठिणगी हार मानते. थंड असताना लंगडते आणि दोन किलोमीटरवर सुधारते? ओल, चोक, भिजलेले प्लग. उलट, थंड असताना छान आणि तापल्यावर बिघडते? कॉइल, कंडेन्सर किंवा घट्ट बसवलेले टॅपेट. थंड, गरम, उभी, पळती, चढाला, उताराला सगळीकडे सारखीच लंगडते? मग कॉम्प्रेशनची भीती मनात ठेवून पुढे चला.

आणखी एक कागद तुमच्या डॅशबोर्डच्या खणात पडलेला असतो आणि कोणी वाचत नाही: पीयूसीची पावती. पेट्रोल गाडीच्या पावतीवर दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. दोन्ही आकडे चढलेले असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. मोनॉक्साइड जागेवर, पण हायड्रोकार्बन आभाळाला भिडलेला, अशी पावती असेल तर मिश्रण ठीक किंवा थोडं पातळ आहे, पण कोणता तरी सिलिंडर ते पेटवतच नाही. मागच्या वर्षीची पावती शेजारी ठेवून पाहा. (मशीनसमोर गाडी खरोखर उभी करूनच पावती घेतली असेल तर, अर्थात.)

कोणता सिलिंडर?

आता बॉनेट उघडा. गाडी मोकळ्यावर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. सायलेन्सरचा धूर माणूस मारतो. ओढणी, पंचा, सैल बाही, हातातलं कडं, घड्याळ दूर. फॅन आपला आपण सुरू होतो. पेट्रोलचा वास येत असेल तर तो आधी शोधून थांबवा, ठिणगीचे खेळ त्यानंतर. प्लग वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून लांब राहावं.

बरेच मेकॅनिक चालू इंजिनवर एकेक वायर उपटून पाहतात. पद्धत बरोबर, पण रीत धसमुसळी. उघडी वायर हवेत लोंबत राहिली की करंटला बाहेर जायला वाट मिळत नाही. तो मग कॉइलच्या आत नाहीतर मिस्त्रीच्या कोपरात वाट काढतो. मी असं करतो: इंजिन बंद. पहिल्या सिलिंडरची वायर टोपी धरून, वळवत ओढायची. वायरलाच धरून ओढू नका, माझी तशीच तुटली असणार. तिच्यात तो जादा प्लग खोचायचा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला पक्का टेकेल असा अडकवायचा. आता कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि ऐका. दहा-पंधरा सेकंद पुरतात. बंद करा, वायर परत लावा, पुढचा सिलिंडर.

मारुतीत पहिला सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की गाडी आणखी वाईट लंगडेल किंवा बंदच पडेल, कारण दोनातला एक काढला. ज्याची वायर काढूनही काडीचा फरक पडत नाही, तो मेलेला. इतकंच. माझ्या गाडीत दोन नंबर काढला तर कळलंसुद्धा नाही.

पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हे करू नका, याला कारण आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या काही आठशेंनाही तो आहे. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि तो तापून लाल होतो, आतून वितळतो. मिसिंग मारणारी गाडी "चालतेय ना" म्हणून महिनाभर दामटणाऱ्यांचंही हेच होतं, हे जाता जाता.

त्याच सिलिंडरच्या वाटेवर

मेलेल्या सिलिंडरचा प्लग काढा. बाकीचे दोन्हीही काढा, कारण तुलनेशिवाय प्लग वाचता येत नाही. इंजिन निवू द्या, प्लगभोवतीची माती आधी फुंकून काढा, नाहीतर ती आत पडते. मग तिघांना क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडा.

चांगल्या प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असतं. काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे मिश्रण येतंय पण पेटत नाही. करंटच्या बाजूला चला. ऑइलने काळा, चिकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चुन्यासारखा पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. आणि दोन प्लग बिस्किटी असताना एकच जण घासून पुसल्यासारखा लख्ख दिसला, तर खूश होऊ नका. त्या सिलिंडरमध्ये रेडिएटरचं पाणी शिरून वाफेने तो धुऊन निघत असेल. हेड गॅस्केट.

पांढरं पोर्सेलीन नखाने चाचपून पाहा. केसाएवढी चीर प्लग निकामी करायला पुरते. गॅप फिलरने मोजा. कार्ब्युरेटरच्या आठशेला ०.७ ते ०.८ मिलिमीटर, वर्षानुवर्षं न बदललेल्या प्लगमध्ये तो झिजून एकच्याही पुढे गेलेला असतो. जुने मिस्त्री अजून "मायकोचा प्लग द्या" म्हणतात. मायको नावाची कंपनी २००८मध्ये बॉश झाली, पण दुकानदाराला कळतं.

आता अदलाबदल. दोन नंबरचा प्लग एकला, एकचा दोनला. गाडी सुरू करून वायर काढायची परीक्षा पुन्हा घ्या. मेलेपणा एक नंबरला गेला, तर प्लग दोषी. नवा संच टाका, एकटा टाकू नका. मेलेपणा दोनलाच राहिला, तर प्लग सुटला, आता वायर, पुढे या. मल्टिमीटर ओहमवर लावून वायरच्या दोन्ही टोकांना टेकवा. लांबीप्रमाणे काही हजार ओहम दिसतील. तिन्ही वायरींची तुलना करा. एक जण भलताच मोठा आकडा दाखवत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर वायर आतून तुटलीय. मोजताना वायर हलवा, वाकवा. काही वायरी सरळ धरल्या की साधू आणि वाकवल्या की चोर असतात. टोपी उलटी करून आतली पितळी पकड पाहा. हिरवट थर दिसला की समजा.

उंदरांनाही विसरू नका. पावसाळ्यात त्यांना गरम इंजिनसारखा बिछाना दुसरा नाही, आणि वायरचं आवरण त्यांना का आवडतं हे त्यांनाच ठाऊक. आवरण कुरतडलेली वायर मीटरवर पास होते, कारण आतला गाभा शाबूत असतो. पण करंट बाहेरच्या बाहेर इंजिनच्या लोखंडावर उडी मारतो. हे पकडायला रात्र हवी. पूर्ण काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि वायरी व डिस्ट्रिब्युटरवर बाटलीतून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, आणि टक्‌टक्‌ आवाज येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला दिवाळी आठवते.

वायरही निर्दोष निघाली तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. काढण्याआधी फोनवर फोटो घ्या, कोणती वायर कुठे होती त्याचा. आठशेचा पेटण्याचा क्रम १-३-२ आहे, १-२-३ नाही, आणि परत लावताना नेमका तिथे घोटाळा होतो. कॅपच्या आत टॉर्च मारून पाहा: पेन्सिलीने रेघ ओढल्यासारखी काळी रेषा एका टर्मिनलकडून दुसरीकडे गेली असेल, तर तो करंटने पाडलेला चोररस्ता आहे. कॅप गेली. रेषा खरवडून काढायचा सल्ला मिळेल. रस्त्यात अडकला असाल तरच तो माना. मधला कार्बन झिजला आहे का, पितळी टर्मिनलवर पांढरी पूड आहे का, रोटरचं टोक जळलंय का, हेही पाहा. कॅप आणि रोटर जोडीनेच बदलतात. नुसती ओल असेल तर कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा; कोकणातल्या पावसाळी सकाळी कित्येक गाड्या एवढ्यावर सुरळीत होतात.

पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंटचा गॅप, त्यावरचे खड्डे आणि कंडेन्सर तपासायचे. पण लक्षात घ्या, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि रोटर हे तिघांचे सामाईक. ते बिघडले तर मिसिंग तिन्हींत विखुरते.

ठिणगीबद्दल एक सावधगिरी. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवून ठिणगी पाहतात, ती निळी आणि कडकडीत दिसली की करंट पास करतात. बाहेरच्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरच्या आत दाब आल्यावर तीच उडेल याची खात्री नाही. पिवळी, बारीक ठिणगी दिसली तर दोष नक्की. निळी दिसली तर निर्दोष असल्याचा पुरावा अर्धाच.

तिघेही कुरकुरत असतील तर

वायर काढायच्या परीक्षेत तिन्ही सिलिंडर सारखाच प्रतिसाद देतात, तरी गाडी थरथरते. आता संशय हवेवर, आणि त्यानंतर कार्ब्युरेटरवर.

इंजिन स्लोला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ असते. त्या वेळी इंजिनला एकूण हवाच थोडी लागते, म्हणून एखाद्या फाटक्या पाइपमधून आत शिरलेली चिमूटभर हवाही सगळं मिश्रण पातळ करते. रेस दिली की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते, गाडी सुधारते. कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्युम पाइप, इंजिनची वाफ परत नेणारा जाड पाइप, ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा पाइप: एकेक पाइप चिमटीत दाबून पाहा. दाबल्यावर इंजिनचा आवाज सुधारला तर सापडला. गॅस्केटच्या कडांवर पाण्याचा फवारा मारा. फटीतून पाणी ओढलं गेलं की क्षणभर आवाज बदलतो. या कामाला पेट्रोल किंवा स्प्रे वापरणारे पाहिलेत. गरम एक्झॉस्टच्या शेजारी तसला धाडसीपणा नको, पाण्याने काम होतं. एक अपवाद सांगून ठेवतो: मॅनिफोल्डचं गॅस्केट एकाच सिलिंडरच्या तोंडाशी फाटलं असेल, तर हवेचा दोषही एकट्याला मारतो.

जुन्या रबरी पाइपांकडे आता जास्त लक्ष द्यायला हवं, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. नव्वदीतल्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते तळाला बसतं. पेट्रोलचे पाइप बोटांनी दाबा. चिघळल्यासारखे मऊ किंवा पापडासारखे कडक झाले असतील तर आजच बदला. तो मिसिंगपेक्षा आगीचा प्रश्न आहे.

हवा कुठेच गळत नाही, मग कार्ब्युरेटर. उभ्या गाडीत पेट्रोल सुकून स्लो जेटमध्ये चिकट साका धरतो. अनेक कार्ब्युरेटरना स्लोचं पेट्रोल सोडणारा सोलेनॉइड असतो. चावी फिरवताच तिथून टक्‌ असा आवाज यायला हवा. आला नाही तर त्याच्या वायरमध्ये करंट येतोय का पाहा. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. आणि स्लोचा स्क्रू पिळून थरथर दडपणं म्हणजे तापात पांघरूण ओढून घेणं. पेट्रोल जास्त जातं, आजार तिथेच.

कॉम्प्रेशन

एकच सिलिंडर मेलेला, प्लग बदलला, वायर बदलली, कॅप बदलली, ठिणगी जोरात, तरी उठत नाही. आता गेज लावा. ते घरी नसतं. गॅरेजमध्ये समोर उभं राहून लावायला सांगा. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलचं कनेक्शन काढलेलं, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा झटके. धडधाकट पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १८० पीएसआयच्या घरात येतो, पण खरा मुद्दा आकड्यांतल्या फरकाचा. दोघे १६० आणि तिसरा ९०, तर तिसऱ्याचं दुखणं पोटातलं आहे.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंग झिजल्यात, ऑइलने फट भरली. हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही कमी, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.

"हेडचं काम निघालं" हे ऐकून लगेच पैसे काढू नका. आधी टॅपेट तपासून घ्या. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, इंजिन तापलं की आणखी उघडा राहतो, आणि कॉम्प्रेशन पडतं. आठशेत टॅपेट स्क्रूने बसवता येतात. फिलर आणि पाना, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. सीएनजी किंवा एलपीजी बसवलेल्या जुन्या गाड्यांत हे हमखास होतं. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप आपोआप खाल्ला जातो. शिवाय गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे पेट्रोलवर गुळगुळीत आणि सीएनजीवर मिसिंग अशी तक्रार असेल, तर गॅसवाल्याकडे जाण्याआधी प्लग आणि वायरी पाहा.

एमपीएफआय असेल तर

२०००नंतरच्या बऱ्याच आठशेंना कार्ब्युरेटर नाही, प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर आहे. इथे पेट्रोलही एकट्याचं बंद पडू शकतं, म्हणजे वरचा माझा नियम थोडा वाकतो. मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून मुठीला कान लावा. घड्याळासारखी टिकटिक यायला हवी. परीक्षेसाठी प्लग वायरऐवजी इंजेक्टरचा कप्लर काढा, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये कच्चं पेट्रोल जात नाही. मेलेल्या सिलिंडरचा प्लग कोरडा निघाला तर संशय इंजेक्टरवर, ओला निघाला तर करंटवर. तिन्ही थरथरत असतील तर थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह आधी साफ करून घ्या.

नंतरच्या गाड्यांत स्कॅनर लागतो. पी-०३०१ म्हणजे एक नंबर मिसिंग, पी-०३०२ म्हणजे दोन नंबर, पी-०३०० म्हणजे विखुरलेली मिसिंग. स्कॅनर कोणता ते सांगतो. का ते सांगत नाही. पी-०३०२ दिसला म्हणून दोन नंबरची कॉइल मागवणाऱ्यांनी आधी अदलाबदल करावी.

गॅरेजला जावंच लागलं, तर "जरा ट्यूनिंग करून द्या" म्हणू नका. त्या वाक्यात सगळं बसतं. असं सांगा: "दोन नंबर मारत नाही. प्लग अदलून पाहिला, वायर अदलून पाहिली, ठिणगी येते. कॉम्प्रेशन बघा." चांगल्या मिस्त्रीचा चेहरा हे ऐकून खुलतो, दुसऱ्या प्रकारच्या मिस्त्रीचाही बदलतो, आणि तोही तपासणीचाच भाग. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या.

आणि जुन्या गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी प्लग पाना, एक चालू प्लग आणि सगळ्यात लांब सिलिंडरला पुरेल एवढी एक प्लग वायर ठेवा. ती तिन्हीपैकी कुठेही लागते.